सवडीनं या

“अहो डॉक्टर, लवकर या हो! पाया पडतो तुमच्या! माझी सायकल पंक्चर झाली!!!”

तबस्सुमनं एवढं टाइप केलं, बटण दाबलं आणि खुर्चीत मागं टेकून बसली. पडद्यावर लाल अक्षरं उमटली : ‘तातडीचं. पशुवैद्य ताबडतोब पाठवा.’

“सायकलीला कुठलं इंजेक्शन देता सर तुम्ही?” तिनं विचारलं.

मला हसू आलं नाही. शनिवारी, म्हणजे बरोबर पाच दिवसांनी, या मॉडेलचं उद्घाटन होतं आणि ते जवळजवळ माझ्या हाताखाली वाढलेलं होतं.

मी तेव्हा आमच्या दूध संघात पशुवैद्य होतो. सभासदांचे मोबाइलवर दिवसभर मेसेज यायचे. कुणाची गाय चारा खात नाही, कुणाच्या म्हशीची कास सुजली. डॉक्टर आम्ही तिघं, गावं दीडशे. म्हणून संघानं एका कंपनीकडून मॉडेल तयार करून घेतलं. त्यानं मेसेज वाचायचा आणि सांगायचं, ‘तातडीचं’ की ‘सवडीचं’. ते शिकावं म्हणून त्याला जुने सहा हजार मेसेज दिले होते आणि त्या प्रत्येकावर शेरा माझा होता. दोन महिने रोज दुपारी जेवण झालं की मी शंभर मेसेज उरकायचो. पहिली ओळ वाचली की मला कळायचं. तेवीस वर्षांचा अनुभव म्हणतात तो हाच, असं मी स्वतःशी म्हणायचोसुद्धा.

मग बाजूला ठेवलेल्या तीनशे मेसेजवर मॉडेलची परीक्षा झाली. शंभरात सत्त्याण्णव गुण. संघात पेढे वाटले गेले.

आणि तेवढ्यात ही तबस्सुम तांबोळी आली. मिरजेची, वय सत्तावीस. मॉडेलच्या आत डोकावून ते उत्तरापर्यंत कसं पोचतं हे शोधणं, हा तिचा धंदा. कुठल्याशा अटीनुसार अशी तपासणी करून घ्यावी लागत होती, म्हणून संघानं तिला दोन आठवड्यांसाठी बोलावलं होतं. जनावरांमधलं तिला काही कळत नव्हतं. पहिल्याच दिवशी तिनं मला विचारलं होतं, “सर, रेडकू म्हणजे म्हशीचंच ना?”

“सायकलीचे मेसेज आम्हाला येत नाहीत,” मी म्हणालो. “उगाच काहीतरी विचारून त्याला फसवू नका.”

“बरं, मग आलेला घेऊ.” तिनं एक जुना मेसेज काढला. “गुलाबराव भंडारे. ‘डॉक्टर धावा धावा, गाय मेली, मेली!!!’ यावर तुमचा शेरा तातडीचं. गेला होता तुम्ही?”

“गेलो होतो. जेवण टाकून.”

“काय झालं होतं गाईला?”

“गोचीड होती.”

“किती?”

“एक,” मी म्हणालो.

तिनं एवढ्यावर सोडलं नाही. पडदा माझ्याकडं वळवला. मॉडेल मेसेज वाचतं तेव्हा त्याच्या आत हजारो ठिकाणं कमीजास्त पेटतात, असं तिनं सांगितलं. कुठलं ठिकाण कशानं पेटतं ते हुडकायचं. मग एखादं विझवून पाहायचं, निकाल बदलतो का. निकाल बदलला तर समजायचं की उत्तर तिथून येत होतं. एक ठिकाण तिनं हुडकलं होतं. ‘लवकर’, ‘धावा’, ‘पाया पडतो’ आणि उद्गारचिन्हं दिसली की ते भडकायचं. गाय, ताप, फुगलेलं पोट, रक्त यांच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं.

“आता हे विझवते.” तिनं तसं केलं आणि तेच तीनशे मेसेज पुन्हा चालवले. सत्त्याण्णवाचे अठ्ठावन्न झाले.

“म्हणजे ते आजार बघतच नाही सर. आरडाओरडा बघतं.”

“माणूस ओरडतो तेव्हा काहीतरी घडलेलं असतंच की!” मी आवाज चढवला.

“आणि जो ओरडत नाही त्याच्याकडं काही घडत नाही?” तिनं शांतपणे विचारलं. “सर, हे सहा हजार मेसेज कुठले?”

“नदीकाठचे. आपले जुने सभासद.”

“परीक्षेचे तीनशे?”

“त्यातलेच.”

“ते तपासले कुणी?”

“मीच.”

“आणि शनिवारी सुरू कुठं होणार?”

शनिवारी सुरू होणार होतं पूर्वेकडच्या दुष्काळी भागात, माळावरच्या नव्या चाळीस गावांत. तिथं नोकरीची पहिली पाच वर्षं काढली होती मी. तिथली माणसं कशी बोलतात हे मला पक्कं ठाऊक होतं. तिथं घराला आग लागली तरी ‘जरा धूर दिसतोय’ म्हणतात. पण हे मी तिला सांगितलं नाही. मी म्हणालो, “पाच वाजले. उद्या बघू.”

दुसऱ्या दिवशी ती मला न विचारता अध्यक्षांकडं गेली. तात्यासाहेब मगदूम म्हणजे वजनदार माणूस, सगळ्या अर्थांनी. त्यांनी मलाही बोलावून घेतलं.

“डॉक्टर, ही बाई म्हणती, मिशन नापास आहे.” तात्या मशीनला मिशन म्हणत. “सत्त्याण्णव मार्क पडल्यात न्हवं? मला धाव्वीला एकेचाळीस होते. मी अध्यक्ष झालो. सत्त्याण्णववाल्याला कोण नापास म्हणतंय?”

“तात्या, पेपर ओळखीचा होता म्हणून मार्क पडले,” तबस्सुम म्हणाली. “अनोळखी मुलखात ते टिकेल का, हे मार्कांवरून कळत नाही. आत बघावं लागतं.”

“आत म्हंजे? एक्स-रे काढला काय?”

“तसंच समजा.”

तात्या माझ्याकडं वळले. “तुमचं काय म्हणणं?”

मी म्हणालो की मॉडेल व्यवस्थित आहे. तात्यांनी डोकं खाजवलं. मांडव ठरला होता, पाहुणे ठरले होते. पण तात्या अध्यक्ष झाले होते ते उगाच नाही. “असं करा, गुरुवारी दोघं बी उंबरदऱ्याच्या संकलन केंद्रावर जाऊन बसा. तिथल्या लोकांना म्हणावं, करा मेसेज. मिशन काय म्हणतंय आणि डॉक्टर काय म्हणतात, दोन्ही लिहून आणा. जुळलं तर शनिवारी नारळ.”

मला हे फार आवडलं. जुळणार याची मला खात्री होती, आणि ते जुळलंही.

उंबरदऱ्याच्या केंद्रात दुधाच्या कॅनांशेजारी टेबल टाकून आम्ही सकाळी आठला बसलो. अकरापर्यंत अकरा मेसेज आले. ‘शेळी लंगडते थोडी.’ ‘गाय दूध कमी देती.’ मी आधी माझा शेरा वहीत लिहायचो, मग तबस्सुम मॉडेलचा बघायची. अकराच्या अकरा ‘सवडीचं’, दोघांचंही.

“बघ,” मी म्हणालो. एव्हाना मी तिला अगं-तुगं करायला लागलो होतो. “एकही फरक नाही. आता काय म्हणणं आहे तुझं?”

“तेच माझं म्हणणं आहे सर,” ती म्हणाली. मला ते तेव्हा कळलं नाही. मी दुसरा चहा मागवला.

बारावा मेसेज आला. ‘फुलाबाई कोळेकर, वरचा मळा. म्हैस काल व्याली. तिसरं वेत. सकाळपासून बसून आहे. मान पोटाकडं ठेवते. कान गार आहेत. डॉक्टरांनी सवडीनं यावं.’

मी वाचला आणि वहीत लिहिलं, ‘सवडीचं’. मॉडेल म्हणालं, ‘सवडीचं. उद्या सकाळी चालेल.’

“बारा,” मी म्हणालो आणि बशीत चहा ओतला.

तबस्सुम पडद्याच्या अगदी जवळ गेली होती. “सर, एक विचारू? हे दुसरं एक ठिकाण आहे. सकाळपासून गप होतं. आत्ता एकदम पेटलंय.”

“कशानं?”

“‘व्याली’वर थोडं. ‘बसून’वर जास्त. ‘मान पोटाकडं’ आणि ‘कान गार’ आलं आणि भडकाच झाला. मी काल बघितलं, जनावरांच्या आजारांवरचे लेख दिले की हे पेटतं. म्हणजे त्यानं शिकण्याआधी कुठंतरी वाचलेलं असणार. पण शेवटच्या निकालात त्याचं कुणी ऐकतच नाही. ‘सवडीनं’ शब्द आला की संपलं.” तिनं माझ्याकडं पाहिलं. “मला यातलं कळत नाही. हे चार शब्द एकत्र आले की काय असतं?”

तिनं हातानं शेवटची ओळ झाकली. मी वाचायला लागलो. तिसरं वेत. काल व्याली. बसून. मान पोटाकडं. कान गार.

बशी टेबलावर आपटली. चहा वहीवर सांडला.

“दुग्धज्वर!” मी ओरडलो. “चल, ऊठ!”

“म्हणजे तातडीचं?”

“दुपारपर्यंत मरेल ती!”

या रोगाच्या नावात ज्वर आहे, पण अंग गार पडतं. व्याल्यावर सगळं कॅल्शियम दुधात जातं आणि जनावराच्या अंगातली ताकद विझत जाते. मान वळवून बसलेली म्हैस ही या रोगाची खूण पहिल्या वर्षाच्या पोरालाही पाठ असते. मीही ती तेवीस वर्षं ओळखत होतो आणि आत्ता वाचूनही मला ती दिसली नव्हती.

वरचा मळा सहा किलोमीटरवर. मी जीप अशी हाणली की तबस्सुमनं एका हातानं लॅपटॉप आणि दुसऱ्यानं माझी बॅग छातीशी धरली.

फुलाबाई दारातच उभ्या होत्या. साठीच्या, काटक, डोईवर पदर. “आलासा व्हय? बसा, पाणी आणते.”

“म्हैस कुठं आहे?”

गोठ्यात म्हैस तशीच होती, शब्दाशब्दाला जुळणारी. डोळे अर्धे मिटलेले. कानाला हात लावला, गार. मी मानेची शीर धरली, सुई घातली आणि बाटली तबस्सुमच्या हातात दिली. “वर धर. आणि काही झालं तरी हात खाली आणू नकोस.”

“काही झालं म्हणजे काय होईल?” तिनं विचारलं. म्हशीच्या एवढी जवळ ती जन्मात गेली नव्हती.

“उठली तर बाजूला हो, एवढंच.”

कॅल्शियम हळूच द्यावं लागतं. घाई केली तर हृदय बंद पडतं. मी एका हातानं धार सांभाळत दुसऱ्यानं छातीचे ठोके ऐकत बसलो. फुलाबाई रेडकाच्या पाठीवरून हात फिरवत शेजारी टेकल्या.

“बाई,” मी न राहवून म्हणालो, “असं लिहितात का? नीट सांगायचं ना, तातडी आहे म्हणून!”

“लिवलं की सगळं. मान लिवली, कान लिवलं. आनि काय लिवत्यात?”

“मग ‘सवडीनं या’ कशाला?”

त्यांनी माझ्याकडं जरा नवलानं पाहिलं. “मग काय, डागदराला हुकूम सोडायचा व्हय? तुमाला बी कामं असत्याली.”

तबस्सुमनं वर धरलेल्या हाताआडून माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा बाटलीकडं पाहू लागली.

थोड्या वेळानं फुलाबाई म्हणाल्या, “तुमी खराडे डागदर न्हवं? आवाजावनं वळखलं मी. मागं आलता हितं.”

“असेन. इकडं होतो मी पाच वर्षं.”

“हिच्या आजीच्या वक्ताला. ती बी अशीच बसली हुती. दूधगाडीवाल्याच्या हातनं चिठ्ठी धाडली, तवा बी असंच लिवलं हुतं. तुमी दुसऱ्या दिशी आलासा. म्हस गेली हुती तवर.” त्यांनी रेडकाच्या कानातली काडी काढून टाकली. “तुमी कागदावर लिवलं, मालकानं उशिरा कळवलं.”

तक्रार नव्हती त्यांच्या आवाजात. कालच्या भाजीबद्दल सांगावं तसं त्या सांगत होत्या. मला ती म्हैस आठवेना, चिठ्ठी आठवेना. मी आठवायचा खूप प्रयत्न केला. त्या पाच वर्षांत मी कुणाकुणाकडं धावत गेलो होतो ते मात्र मला आठवत होतं, अगदी नावानिशी. जो जो ओरडला होता, तो तो.

म्हशीच्या मांडीला कंप सुटला. मग तिनं मोठा ढेकर दिला. तबस्सुम किंचाळली, पण हात खाली आला नाही. मग म्हशीनं मान सरळ केली, कान हलवले, शेण टाकलं आणि मागचे पाय आधी उचलत धडपडत उभी राहिली. रेडकू लगेच कासेला लुचायला लागलं. मी ओट्यावर बसलो.

निघताना फुलाबाईंनी चिकाची किटली तबस्सुमच्या हातात दिली. “खरवस करून खा. घर गाठूपतूर नासत न्हाई.”

परतीच्या वाटेवर मीच म्हणालो, “मॉडेल चुकलं नाही, तबस्सुम.”

“म्हणजे?”

“त्यानं माझा कित्ता गिरवला. सहा हजार वेळा मी जे केलं तेच ते शिकलं. बाराच्या बारा जुळले, त्याचं कारण ते.”

ती किटली सांभाळत खिडकीबाहेर बघत होती. “मला सोमवारीच कळलं होतं सर. व्याली आणि बसून आहे, असे अडतीस मेसेज आहेत त्या सहा हजारांत. एकतीसांवर तुमचा शेरा सवडीचं.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही म्हणालात, पाच वाजले, उद्या बघू.”

शुक्रवारी मी तात्यांना सगळं सांगितलं, म्हैस मेल्याच्या जुन्या गोष्टीसकट.

“म्हंजे चूक तुमची.”

“माझी.”

“आनि ह्या पोरीला ती मिशनच्या आत घावली?”

“हो.”

“बाई,” तात्या तबस्सुमला म्हणाले, “माझ्या डोस्क्यात तेवढं डोकवू नका.”

मांडव घातलेला होताच, त्यामुळं शनिवारचा कार्यक्रम झाला. पाहुण्यांनी फीत कापली. कशाची कापली ते त्यांनी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. तात्यांनी भाषणात चाळीस गावांना विनंती केली, की चार महिने नुसते मेसेज करा, जसं बोलता तसंच लिहा, प्रत्येकाकडं डॉक्टर स्वतः येतील. हे आश्वासन देण्याआधी त्यांनी आम्हा डॉक्टरांना विचारलं नव्हतं. चार महिने आम्ही तिघं माळावर वणवण फिरलो.

आणि मी सहा हजार शेरे पुन्हा मारले. तबस्सुमनं प्रत्येक मेसेजमधून ‘धावा’, ‘पाया पडतो’, ‘सवडीनं’, सगळी उद्गारचिन्हं काढून टाकली होती आणि नुसती लक्षणं समोर ठेवली होती. गुलाबराव भंडाऱ्यांच्या मेसेजमध्ये पुष्कळदा काहीच उरायचं नाही. नवीन मॉडेलची परीक्षा माळावरच्या मेसेजवर झाली, तपासायला माझ्याऐवजी दुसरे दोन डॉक्टर होते. आणि गुण मोजण्याआधी तबस्सुमनं आत बघितलं, निकाल आता कुठल्या ठिकाणाहून येतो ते. लक्षणांचं ठिकाण विझवलं की मॉडेल कोसळत होतं. आरड्याओरड्याचं विझवलं तर काडीचाही फरक पडत नव्हता. तेव्हा कुठं तिनं मान डोलावली. गुण पडले अठ्ठ्याऐंशी.

“नऊ मार्कांनी घसरलं की वो!” तात्या हळहळले.

“नाही तात्या,” मी म्हणालो, “या खेपेला अभ्यास करून बसलं.”

पण मला सांगायचंय ते त्या चार महिन्यांतल्या पहिल्या रविवारचं. मी घरी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन शेरे मारत बसलो होतो. माझी बायको, मालन, खालून भाजी घेऊन आली. वरच्या पायरीवर थांबली, कठड्याला धरलं आणि मग आत आली.

“काय झालं?” मी विचारलं.

“काही नाही. जरा थांबले.”

हे मी गेले दोन महिने ऐकत होतो. एरवी मी ‘बरं’ म्हणून पुढचा मेसेज उघडला असता. मी लॅपटॉप मिटला.

“मालन, ‘काही नाही’ सोडून दे. काय होतं ते नुसतं सांग.”

“अहो, काही नाही म्हटलं ना.”

“जिना चढताना थांबतेस. किती वेळा?”

“दोनदा. पूर्वी एकदा थांबायचे.”

“आणि?”

“डावा हात जड होतो. जबडा दुखतो जरा. बसलं की जातं.” मग तिला राग आला. “मी काय म्हैस आहे का, अशी उलटतपासणी घ्यायला?”

मी तिला तासाभरात इस्पितळात नेलं. हृदयाची एक नळी जवळजवळ बंद होती. डॉक्टर म्हणाले, अजून आठवडा गेला असता तर कठीण होतं. बुधवारी नळी उघडली, शनिवारी ती घरी आली. आज ती तोच जिना दिवसातून चार वेळा चढते आणि मला धापा टाकताना बघून हसते.

घरी आलो त्या दिवशी मी तिला उशीला टेकवून बसवलं, चहा करून दिला. साखर विसरलो होतो, तरी तिनं तो निम्मा प्यायला.

“एक सांगा,” ती म्हणाली. “तीस वर्षं मी ‘काही नाही’ म्हणतेय आणि तीस वर्षं तुम्ही ‘बरं’ म्हणताय. माझ्या बोलण्यातली लक्षणं तुम्हाला कधीपासून कळायला लागली?”

मी तिच्या हातातला कप घेतला.

“मागच्या आठवड्यातल्या गुरुवारपासून,” मी म्हणालो.